सिस्टर मुक्कामी राहतात का?

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, वेरूळ पाहिलंस का, मकबरा पाहिलास का. नाही पाहिलं. मकबऱ्याचे मिनार रिक्षातून दिसले, तेही रिक्षावाल्या चाचांनी मान वळवून "वो देखो बेटा, बाद में बोलोगे दिखाया नहीं" असं म्हटलं म्हणून. मी छत्रपती संभाजीनगरला लेणी बघायला गेलेच नव्हते. सरकार आणि संघटना एका टेबलाशी बसून दवाखाने कसे सुधारतात, ते बघायला गेले होते.

त्याचं कारण असं. आमच्या चिपळूणच्या संघटनेला सरकारकडून विचारणा आली होती. गावच्या दवाखान्याची पाहणी गावातल्या लोकांनीच करायची, संघटनेनं ती कागदावर उतरवायची, आणि मग अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर बसून ती ऐकायची व तिथल्या तिथे निर्णय द्यायचा. मराठवाड्यात हे काही वर्षं चालू आहे. "आठवडाभर बघून ये आणि आपल्या लोकांसाठी चार पानी पत्रक लिही," असं मला सांगण्यात आलं. पत्रकं लिहिणं हेच माझं काम. मोर्चाचं पत्रक, धरण्याचं पत्रक, "जबाब द्या" असल्या मथळ्याचं पत्रक. सहकार्य हा शब्द मला कधी पचला नाही, आणि हे मी जाण्याआधीच सगळ्यांना ऐकवलं होतं.

ते पत्रक अजून लिहून झालेलं नाही. त्याआधी हे लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत, गावाचं नाव सांगणार नाही. का, ते वाचताना कळेल.

छावणी

तिथल्या संघटनेची कचेरी छावणीच्या बाजारामागे, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. दोन खोल्या, आणि दोन्हींत सगळ्यावर पिठाचा पातळ थर. फायलींवर, पंख्याच्या पात्यांवर, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीवर सुद्धा. शोभाताई स्कूटीवरून आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, काखेत हेल्मेट, पायात पुरुषी चपला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तूच का ती चिपळूणवाली? मासे खाऊन काय अंगाला लागत नाय वाटतं."

पुढचा आठवडा मला ज्यांच्या मागे हिंडायचं होतं, त्या या.

दुपारी त्या मला शहागंजात जेवायला घेऊन गेल्या. कपड्यांच्या, अत्तरांच्या, कुलपांच्या दुकानांमधून वाट काढत एका अरुंद हॉटेलात. नान-खलिया मागवला. पिवळसर चमकणारी मोठी नान आणि तर्रीत बुडालेलं मटण. आमच्याकडे रश्श्यात नारळ नसेल तर तो रस्साच नव्हे. इथे पहिल्याच घासाला माझ्या नाकातून पाणी आलं. शोभाताई शांतपणे खात होत्या.

"अधिकाऱ्यांशी गोडच बोलायचं असेल तर संघटना हवी कशाला?" मी नाक पुसत विचारलं.

"पंधरा वर्षं घोषणा दिल्या मी," त्या म्हणाल्या. "घसा बसला. एक सलाईन आली नाय. मग टेबलावर बसले. आता दोन-तीन गावांत उपकेंद्रात बाया बाळंत होतात. तू सांग, घसा बरा का बाळंतपण बरं?"

"पण मग चुकलं ते चुकलं असं तोंडावर सांगायचं कुणी?"

"सांगायचंच की. पण कुणाचं चुकलं, कुणाला लागंल, हे बघून. जेव तू. थंड झाला की तर्रीचं मेण होतं."

मी मनात म्हटलं, झाल्या या सरकारी.

वैजापूरच्या पुढे

एसटीनं वैजापूरला उतरलो तेव्हा सगळ्या गावाला कांद्याचा वास होता. मार्केट यार्डाबाहेर ट्रॅक्टरांची रांग, ट्रॉल्यांत गुलाबी कांदा, त्यावर बसून डुलक्या घेणारी माणसं. तिथून एका जीपमध्ये कोंबून घेऊन आम्ही पुढे निघालो. ड्रायव्हरसकट आम्ही किती होतो ते मोजायला मानच वळवता येत नव्हती.

मार्च महिना. आमच्या जांभ्या मातीच्या डोळ्यांना ही जमीन फार उघडी वाटते. लपायला काही नाही. काळी ढेकळं, उपटून ठेवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग, लांबवर एखादं कडुलिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत एखादा टँकर. आमच्याकडे दोन घरांमध्ये पाण्याचा वहाळ असतो, दगडांचा गडगा असतो, आंब्याची ओळ असते. शेजारी काय करतो ते कानानंच कळतं. इथे सगळं डोळ्यांना दिसतं. कोण कुणाच्या दारात गेलं, ते सगळ्या गावाला दिसतं. ही गोष्ट मी तेव्हा नुसती नोंदवहीत लिहिली. तिचा अर्थ नंतर लागला.

गावाच्या तोंडाशीच उपकेंद्र. पिवळी बैठी इमारत, पुढे फरशीचा ओटा. आत बाळंतपणाची खोली इतकी स्वच्छ की मी चप्पल काढून आत गेले. मागे सिस्टरसाठी सरकारी क्वार्टर. तिला कुलूप. खिडकीतून डोकावले तर छताच्या सळया उघड्या पडलेल्या आणि खाली प्लास्टरच्या लाद्या. एक लादी लोखंडी कॉटवर तशीच पडून होती.

वंदना सिस्टर पस्तिशीच्या. माहेर-सासर शहरातलंच, नवरा कंपनीत, मुलगा आजीजवळ. नोकरी कंत्राटी, करार अकरा महिन्यांचा. संपला की पुन्हा नवा. या गावात त्यांचे तीन-चार करार झाले होते. मला बघून म्हणाल्या, "पाहुण्या का? या. पाणी उकळलेलंच प्या हं, हापशाचं नका पिऊ."

मी हापशाचं प्यायले. लोक पितात ते मी पिणार, असा माझा बाणा.

पत्रक

गावाच्या बैठका कुठे भरतात, हे त्या गावाविषयी बरंच सांगतं. आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात. इथे मारुतीच्या पारावर बसलं तर वस्तीतल्या बाया येत नाहीत, आणि वस्तीतल्या विहारात बसलं तर पाटलांच्या घरच्या येत नाहीत. उपकेंद्राच्या ओट्यावर मात्र सगळ्या येतात, कारण तिथे सगळ्यांनीच कधी ना कधी कळा दिलेल्या असतात. वीस-बावीस बाया बसल्या. नियम असा की ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस समोर नको. म्हणून सिस्टर आतल्या खोलीत दार लावून बसल्या.

शोभाताईंनी पाहणीचं पत्रक, म्हणजे एक मोठा तक्ता, पसरला. डावीकडे प्रश्न, पुढे "होय" नाहीतर "नाही", मग गोल टिकली चिकटवायची, हिरवी किंवा लाल. शेवटी शेऱ्याचा रकाना. लिहिण्याचं काम माझ्याकडे.

"गोळ्या मिळतात का?"

"मिळत्यात. पण सगळ्या दुखण्याला एकच पांढरी."

"बाळंतपणाला कुणी काही मागतं का?"

"सिस्टरच उलट आपला चहा पाजती," एक जण म्हणाली. "साखर कमी टाकती, तेवढं लिही."

हसत-खिदळत टिकल्या लागत होत्या. हिरवी, हिरवी, हिरवी. मग प्रश्न आला: सिस्टर मुक्कामी, म्हणजे सरकारी निवासस्थानात, राहतात का?

हसणं थांबलं. समोर बसलेल्या गयाबाई पटकन म्हणाल्या, "व्हय लिही."

गयाबाई म्हणजे सत्तरीची म्हातारी. उंच, हाडकुळी, नाकात जुनी नथीची जागा मोकळी. बाकीच्या बाया त्यांच्या बोलण्यावर बोलत नव्हत्या.

"पण क्वार्टरला तर कुलूप आहे," मी म्हटलं.

"कुलूप हाय. बाई गावात हाय."

"गावात कुठे?"

कुणी पदर ओढला, कुणी पोराचं नाक पुसलं. शोभाताईंनी माझा दंड धरून मला ओट्याच्या कडेला नेलं.

"गयाबाईंच्या घरी राहतात सिस्टर," त्या हळू बोलल्या. "गयाबाई पाटलांच्या घरच्या. सिस्टर आमच्यातल्या, जयभीमवाल्या. प्लास्टर पडलं त्या दिवशी म्हातारीनं सिस्टरची ट्रंक डोक्यावर घेतली अन् नेऊन आपल्या माजघरात ठेवली. दिराला दिसलं, पुतण्यांना दिसलं, गावाला दिसलं. कुणी शब्द काढला नाय. काढला नाय म्हणून चाललंय. कागदावर आलं की त्यांना काहीतरी बोलावं लागंल."

"म्हणजे त्यांच्या अब्रूसाठी आपण सरकारी कागदावर खोटं लिहायचं?"

"खोटं कशाला? गावात राहतात, म्हणून होय. मी दर साली तेच लिहिते."

"प्रश्न क्वार्टरचा आहे. आणि होय लिहिलं तर छत कधी दुरुस्त होणार नाही. साहेब म्हणतील, राहतेच आहे की ती."

हा मुद्दा बिनतोड आहे असं मला वाटलं, आणि मी तोच ओट्यावर येऊन मोठ्यानं मांडला. मला बोलता येतं. हक्काची भाषा, न घाबरता खरं सांगायची भाषा, सगळी तयार असते. बाया ऐकत गेल्या. एक तरणी म्हणाली, "खरं हाय की. नाय म्हटल्याबिगर छत कसं पडंल, म्हंजे, नवं कसं पडंल?" त्यावर पुन्हा हशा पिकला आणि गयाबाईंनी हात झटकला. "लिही मग तुला लिहायचं ते. माझ्या घराचं नाव नको."

मी "नाही" लिहिलं. लाल टिकली लावली. शेऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलं, "छत कोसळलेलं असल्याने. तातडीने दुरुस्त करावे." खाली बायांनी अंगठे उठवले, ज्यांना येत होत्या त्यांनी सह्या केल्या.

आत बसलेल्या सिस्टरना कुणी विचारलं नाही. तसा नियमच होता.

लोखंडी कॉट

हापशाच्या पाण्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी मला आडवं केलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, सगळं जिथून गेलं तिथूनच परत आलं. उपकेंद्रातल्या कॉटवर पडून मी छताकडे बघत होते, आणि वंदना सिस्टर दर दहा मिनिटांनी साखर-मिठाचं पाणी पाजत होत्या.

"उकळलेलं प्या म्हटलं होतं."

"लोक पितात ना."

"लोक पितात अन् लोक इथंच येऊन झोपतात, तुमच्यासारखे," त्या म्हणाल्या. मग पेला पुन्हा भरत, "काल काय लिहिलं माझ्याबद्दल?"

"सांगता येत नाही. नियम आहे."

"मग नका सांगू." त्या हसल्या. "बहुतेक साखरेचं असंल."

दुपारी शीतल तपासायला आली. विशीतली, नववा लागलेला, पाठीवर हात ठेवून चालणारी. सिस्टर या गावी यायच्या आधी तिचं पहिलं बाळंतपण. तालुक्याला जाताना जीपमध्येच झालं, आणि बाळ तिथेच गेलं. हे तिनं मला स्वतःच सांगितलं, सिस्टर नळी लावून पोटातल्या बाळाचे ठोके ऐकत असताना. "या बारीला मी हलणारच नाय हितून," ती म्हणाली. "कळ आली की हिच्या दारात येऊन बसंन." सिस्टर म्हणाल्या, "दारात नको, आत ये." तेवढ्या वेळात मीही उठून बसले होते. मला बरं वाटलं होतं, आणि आपण छत मिळवून देणार आहोत याची खात्री होती.

जनसंवाद

त्याच्या दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर पाहणी ऐकायची सभा होती. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पटांगणात मांडव घातला होता. आठ-दहा गावांची माणसं. पुढच्या खुर्च्यांवर सरपंच मंडळी, त्यांच्यात गयाबाईंचे धाकटे दीर, पांढरी टोपी, मांडीवर मोबाइल. मागे सतरंजीवर बाया. टेबलामागे साहेब, म्हणजे तालुक्याचे आरोग्य अधिकारी.

मी खलनायक शोधत गेले होते. हे साहेब तसे नव्हते. आवाज मऊ, सगळे कागद वाचून आलेले, म्हाताऱ्या बाया बोलायला उठल्या की स्वतः माइक खाली करून देणारे. पहिल्या दोन गावांत औषधांचा घोळ होता. त्यांनी तिथेच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा निर्णय दिला. तिसऱ्या गावातली नर्स आठवड्यातून दोनदाच येते, शहरातून ये-जा करते, अशी तक्रार आली तेव्हा मांडव तापला. माणसं उठून ओरडायला लागली. मीही ओरडले. मला वाटलं, अरे, हे तर चांगलं चाललंय.

मग आमच्या गावाचा तक्ता पडद्यावर आला. हिरव्या चौकोनांची रांग आणि एक लाल. "मुक्कामी राहतात का? नाही." त्यापुढे काही नव्हतं. मी शेजारच्या ऑपरेटरला विचारलं, "शेऱ्याचा रकाना कुठे आहे?" तो म्हणाला, "मॅडम, शेरा सिस्टीममध्ये भरता येत नाही. फक्त होय-नाही."

साहेबांनी चष्मा वर केला. "या एका मुद्द्यावर तडजोड नाही. आत्ताच तुम्ही सगळे काय म्हणालात? नर्स गावात पाहिजे. सिस्टर कंत्राटी आहेत, करार या महिनाअखेर संपतो. तो पुढे वाढवू नये, असा मी लोकांच्या पत्रकावरून शेरा देतो."

टाळ्या पडल्या. आमच्या बायांनीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वंदना सिस्टर मात्र हलल्या नाहीत.

मी उठले. छत, प्लास्टर, कॉटवरची लादी, सगळं एका दमात सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ताई, छताचा प्रस्ताव बांधकाम खात्याकडे आहे. मीच पाठवलाय. ते माझ्या हातात नाही. हे माझ्या हातात आहे."

"मग जे हातात आहे ते करायचं म्हणून एका बाईची नोकरी घालवायची?"

"तुमच्याच अक्षरात आहे ना हे?" त्यांनी मूळ तक्ता वर धरला. आवाज तसाच मऊ. "तुम्ही 'नाही' लिहिलंत. क्वार्टरमध्ये नाहीत, मग राहतात कुठे? शहरातूनच येत असणार."

शोभाताईंनी माइक मागितला. पण त्याआधी मागून गयाबाई उभ्या राहिल्या. माइक घेतला नाही. त्यांना लागतही नव्हता.

"माझ्या घरात राहती ती."

मांडवात सगळ्यांच्या माना वळल्या. पुढच्या खुर्चीतल्या दिरांनी मात्र वळवली नाही. ते मोबाइलकडे बघत राहिले, आणि त्यांचा अंगठा त्यावर थांबलेला मला दिसत होता.

"माझ्या माजघरात निजती. माझ्या ताटाला ताट लावून जेवती. मागल्या अमावस्येला माझी साखर वाढली तर रात्रभर उशाशी बसली. कुणाला काय म्हणायचं असंल तर मला म्हणा."

साहेबांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "आजी, भाडेकरार आहे का? खासगी घर चालतं, पण त्याचा कागद लागतो."

"पोरीसंगं कोण कागद करतंय?"

"त्या तुमच्या नात्यातल्या आहेत का?"

गयाबाईंनी पुढच्या खुर्च्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "साहेब, व्हय म्हणू का नाय म्हणू? परवा खरं सांगितलं त्याचं हे झालं."

मांडवात कुणीतरी हसलं. साहेब नाही हसले. त्यांनी घड्याळ बघितलं, शेरा तसाच ठेवला आणि पुढचं गाव पुकारलं. शेवटी चहा झाला, आणि सरकार व संघटना मिळून एक फोटो झाला. मलाही त्यात उभं केलं. तो फोटो माझ्याकडे आहे. मी दात ओठ खाऊन उभी आहे, आणि बघणाऱ्याला वाटेल की ऊन लागतंय.

अंगठे

दुसऱ्या दिवशी बाया स्वतःहून निघाल्या. तक्ता परत मागायचा, असं त्यांचं ठरलं होतं. अंगठा आपला, तर तो परत घेता आला पाहिजे, इतका साधा हिशेब. साहेब दौऱ्यावर होते. त्यांच्या कचेरीच्या पायरीवर बसून मी अर्ज लिहायला घेतला. "सदर अन्यायकारक व जनविरोधी निर्णयाचा आम्ही तीव्र..."

"काय लिहिलंस ते वाच," गयाबाई म्हणाल्या. मी वाचलं.

"कुणाला शिव्या घालायलीस? तो माणूस वाईट नाय. त्याला काय ठाव नाय, एवढंच. तू नीट लिही. लिही, की आम्ही छत मागितलं. बाई गेली तर आमच्या बाया रस्त्यात मरतील. लिही, की ती गयाबाईच्या घरी राहत होती."

"घराचं नाव नको म्हणाला होतात."

"आता काय राहिलंय?"

तसंच लिहिलं. पत्रकं लिहायला लागल्यापासून एवढं कमी मी कधी लिहिलं नव्हतं. आवक टेबलावरच्या कारकुनानं अर्ज वाचला, सभ्यपणे शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाला, "एकदा भरलेलं पत्रक मागे घेता येत नाही, मावशी. पुढच्या साली नवं भरा. त्यात होय लिहा."

"पुढच्या साली कुणाबद्दल लिहू?" गयाबाईंनी विचारलं. त्यानं पुढचा अर्ज ओढला. उत्तर देणं त्याचं काम नव्हतं.

आम्ही गावात परतलो तर सिस्टरची ट्रंक उपकेंद्राच्या ओट्यावर होती. वर घडी करून ठेवलेली गोधडी, त्यावर स्टीलचं ताट आणि तांब्या. पुतण्यानं आणून ठेवली होती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ट्रंकेच्या कडीला धक्काही लागू दिला नव्हता. गयाबाईंनी ती लांबूनच बघितली. घराकडे गेल्या, थोड्या वेळानं परत आल्या आणि ओट्यावर ट्रंकेशेजारी बसल्या. शोभाताईंनी विचारलं, "काय म्हणाले दीर?" त्या म्हणाल्या, "काय नाय. चूल वेगळी मांडा म्हणाले." आणि मग, "त्याचं काय एवढं. मला एकटीला किती लागतंय?"

वंदना सिस्टरनी क्वार्टरचं कुलूप काढलं. आतल्या लाद्या उचलून बाहेर टाकल्या, झाडू फिरवला. मी झाडू मागितला तर दिला नाही. कॉट ओढून दाराच्या चौकटीखाली आणली, कारण तेवढ्या जागेवरचं छत शाबूत होतं. महिनाअखेरीला बारा-तेरा दिवस उरले होते. तेवढे दिवस त्या क्वार्टरमध्ये राहणार होत्या. सरकारी निवासस्थानात, नियमाप्रमाणे.

"सिस्टर," मी म्हटलं, "मी..."

"पाणी उकळून बाटली भरून ठेवलीय तुमची," त्या म्हणाल्या. "एसटीत बाहेरचं पिऊ नका." माझ्याकडे बघितलं नाही.

मी आणि शोभाताई संध्याकाळच्या जीपची वाट बघत ओट्याच्या कडेला उभ्या होतो. शोभाताई मला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या, कालपासून. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावात तक्ता भरायचा होता. तिथून निरोप आला होता की बाया अंगठे द्यायला तयार नाहीत.

तेवढ्यात शीतल आली. पाठीवर हात, धापा टाकत. तिला कळलं होतं. ओट्याला टेकून तिनं बोटांवर दिवस मोजले, पुन्हा एकदा मोजले.

"माझं पुढल्या महिन्याच्या दुसऱ्या हप्त्यात हाय," ती शोभाताईंना म्हणाली.

"तालुक्याला जायचं," शोभाताई म्हणाल्या. "आधीच जाऊन राहायचं. मी येते सोबत. तारीख सांग फक्त."

"कळा काय तारीख सांगून येत्यात व्हय, ताई?"

मग शीतल माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती.

"ताई, तुम्ही लिहिलं ना ते? तुम्हाला सगळं माहीत असंल. तिथं दवाखान्यात गेल्यावर मी हाक कुणाला मारू?"

मला तिथलं एकाही माणसाचं नाव माहीत नव्हतं.